कारण लिहिल्याशिवाय सायकल मिळणार नाही

कुठे काही कुरकुरलं की चष्मेवाल्यांचे हात शिवशिवायचे. तीस वर्षं चष्म्यांच्या काड्या आणि त्यांच्या इवल्याइवल्या बिजागऱ्या दुरुस्त करण्यात गेली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांना जगातल्या यच्चयावत आवाजांवर एकच औषध सापडलं होतं. बारीक तेलाच्या डबीचा एक फवारा. दुकानाचं दार, घरातलं कपाट, शेजाऱ्यांचं फाटक, सासूबाईंची आरामखुर्ची (सासूबाई तीत बसलेल्या असताना), सगळ्यांना त्यांनी गप्प केलं होतं. बायको म्हणायची, "हे घोरतात तेव्हा कुठे जाते ती डबी?"

गुरुवारी सकाळी लेकीची सायकल जिन्याखालून पुढे सरकवताना तिने 'चींऽऽ' केलं. लेक वर अंघोळीला गेलेली. चष्मेवाल्यांनी खिशातून डबी काढली. त्या डोंगरी सायकलच्या दोन्ही चाकांच्या मधोमध पोलादाची एक भोकाभोकांची तबकडी असते. ब्रेकचा लिव्हर दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. चष्मेवाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की ओरडते आहे ती ही तबकडी. त्यांनी पुढच्या चाकावर फवारा मारला, मग मागच्या. एकही जागा सुटू नये म्हणून चाक फिरवून फिरवून मारला. वरून फडक्याने पुसलंही. आवाज बंद झाला. वडिलांनी मुलीसाठी न सांगता काहीतरी करावं आणि ते तिला कळूही नये, यातलं सुख घेऊन ते दुकानात जायला निघाले.

तासाभराने विसरलेला डबा न्यायला ते घरी आले, तेवढ्यात लेक सायकल ढकलत परत आली. केसांत भुसा, कोपर सोललेलं, उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली. टेकडीच्या तिसऱ्या वळणावर थांबायच्या ऐवजी ती सरळ लाकडाच्या वखारीत शिरली होती. भुशाचा ढीग आडवा आला म्हणून बरं.

"बाबा, ब्रेक दाबला मी. पूर्ण दाबला. थांबलीच नाही हो सायकल."

चष्मेवाल्यांनी खिशातली डबी मुठीत झाकून घेतली.

लेक आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत होती. "की दाबलाच नाही? मला आठवतच नाहीये नीट. घाबरून हात आखडला असेल का माझा?"

आत्ता सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. "कोपर धुऊन घे," असं काहीतरी त्यातून बाहेर पडलं.

रविवारी लेकीची परीक्षा होती. डोंगरातल्या बचाव पथकाला सायकलने खाली उतरणारी दोन माणसं हवी होती. जिथे गाडी जात नाही तिथे औषधांची पिशवी पाठीला बांधून दगडधोंड्यांतून खाली पोचायचं, असं ते काम. जागा दोन, उमेदवार अकरा. दोन वर्षं पोरीने दुसरं काही केलं नव्हतं. उताराचा रस्ता चष्मेवाल्यांनी एकदा खालून मान वर करून पाहिला होता. त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

बापलेक मावशीकडे गेले.

मावशी म्हणजे टेकडीच्या पायथ्याला, जिथे उतार संपून डांबरी रस्ता सुरू होतो तिथे, एका शटरच्या खोलीत बसणारी बाई. वय साठीच्या अलीकडे, बांधा बुटका, मनगटं मात्र लोहाराची. सव्वीस वर्षं तिने बस डेपोत ब्रेकच्या खात्यात काढली. पहिल्या दिवशी मुकादमाने तिच्या हातात झाडू दिला. तिने झाडून काढलं आणि केरातून एक चपटं झालेलं वायसर उचलून मुकादमाला विचारलं, "हे कुठल्या गाडीचं? ती बाहेर गेली का?" ती गाडी फाटकातून परत बोलवावी लागली. दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्याकडे गेला. निवृत्त झाल्यावर तिने सायकली घेतल्या. त्यातही फक्त ब्रेक. गिअर, साखळी, वाकडं चाक असलं काही घेऊन गेलात तर म्हणायची, "तुमची सायकल चालत नाही ना? मग कशाला काळजी करता? न थांबणारी आणा."

लोकांना वाटायचं, बाई कडक आहे. खरं तर बाई भित्री होती. तिच्या कामाच्या बाकाचं तोंड टेकडीकडे होतं आणि टेकडीकडे पाठ करून ती कधी बसत नसे. खोलीत रेडिओ नव्हता, कारण वरून येणाऱ्या सायकलीची खडी वाजलेली ऐकू यायला हवी. तिने ब्रेक केलेलं कुणी वर गेलं की ते खाली येईपर्यंत तिचा चहा तसाच निवायचा. "मावशी, एवढं काय घाबरता?" असं एकदा एक पोस्टमन म्हणाला, तर त्याचीच सायकल तिने तपासायला ठेवून घेतली. त्या दिवशी टपाल पायी वाटलं गेलं.

लेक आल्या आल्या म्हणाली, "मावशी, मला जास्त ताकदीचा ब्रेक पाहिजे. मोठी तबकडी लावा, चार पिस्टनवाली पकड लावा, काय वाटेल ते करा. ही थांबत नाही."

मावशीने चाक हळूच फिरवलं. मग पांढऱ्या कागदाचा एक तुकडा घेऊन तबकडीवर घासला, उजेडात धरला आणि नाकाशी नेला.

"तेल."

"तेल? मावशी, मी साखळीलासुद्धा इथे येऊन तुमच्यासमोर तेल घालते!"

मावशीने मान वर केली. तिच्या डोळ्यांवरचा चष्मा चष्मेवाल्यांच्याच दुकानातला होता. त्या काचांतून ती त्यांच्याकडे बघत होती आणि चष्मेवाले छताला टांगलेल्या एका हुकाकडे अत्यंत बारकाईने बघत होते.

"तबकडी सकाळी ओरडते ती दवाने," मावशी म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "दोन वेळा ब्रेक दाबला की गप्प होते."

"म्हणजे तेलाने," चष्मेवाल्यांनी खाकरून विचारलं, "तेलाने ब्रेक कमी होतो म्हणता?"

"चष्मेवाले, काचेला तेल फासलं तर जास्त दिसतं का?"

"नाही, मी आपलं विचारलं. स्पिरिटने पुसून घेतलं तर?"

"तबकडी पुसता येते. पॅड पितात ते. एकदा प्यायले की दारुड्यासारखे, कितीही पुसा, सुटत नाही. ते टाकायचे." तिने दोन्ही चाकांचे पॅड काढून पत्र्याच्या डब्यात खणकन टाकले. मग हँडलला बांधायची चिठ्ठी घेतली.

चिठ्ठीची ही पद्धत डेपोतून तिच्याबरोबर आली होती. तिच्यावर तीन ओळी. काय बिघडलं, का बिघडलं, कुणामुळे. तिन्ही भरून तिसरीपुढे ज्याची त्याने सही केल्याशिवाय मावशीकडून सायकल बाहेर जात नसे. गावात यावरून पुष्कळ थट्टा चालायची. एका गृहस्थाने 'कुणामुळे'पुढे सासऱ्यांचं नाव लिहिलं होतं, तर मावशीने सासऱ्यांना बोलावून घेतलं.

पहिल्या ओळीत तिने लिहिलं, 'ब्रेक धरत नाही.' दुसरीत, 'दोन्ही तबकड्यांवर तेल.' तिसरी ओळ रिकामी ठेवून चिठ्ठी हँडलला बांधली.

"मावशी, रविवारी परीक्षा आहे माझी!"

"म्हणूनच. शनिवारपर्यंत भरा."

"अहो पण मला माहीतच नाही कुणी केलं! लिहा ना, 'माहीत नाही' म्हणून."

मावशीचा हात तिथल्या तिथे थांबला. "ते मी एकदा लिहिलंय," ती म्हणाली, आणि पुढची सायकल बाकावर घेतली.

संध्याकाळी जेवताना लेक डाव्या हाताने घास घेत होती आणि उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर दाबत होती. दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. चष्मेवाले ताटात बघत जेवत होते. टेबल मात्र कुरकुरत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज त्यांनी तसाच सोसला.

"बाबा, मी असं करते, माझंच नाव लिहिते," लेक म्हणाली. "ठेवली असेन कुठेतरी तेलात. आणि खरं सांगू? मला वाटतं माझा हातच कच्चा आहे. त्या वळणावर परत गेले की बोटं आखडणार माझी. मला आत्ताच कळतंय ते."

पोरीचं काही बरंवाईट झालं असतं ही भीती चष्मेवाल्यांना सकाळपासून होतीच. आता तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली. नवे पॅड येतील, नवी तबकडी येईल, आणि ही रविवारी त्या दगडांतून उतरताना स्वतःच्या बोटांवर विश्वास न ठेवता उतरेल. सांगायला पाहिजे होतं. पण वर्षानुवर्षं ज्या मुलीने 'माझे बाबा काहीही दुरुस्त करतात' असं शाळेत सांगितलं, तिला काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची? त्यांनी भात मागून घेतला आणि तो तसाच ठेवला.

शुक्रवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून ते एकटेच मावशीकडे गेले. मावशी पुढच्या ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढत होती. एका टोकाला पिचकारी, दुसऱ्या टोकाला बाटली, आणि मधल्या पारदर्शक नळीतून एक बारीकसा बुडबुडा वर चालला होता.

"मावशी, एक सांगायचं होतं."

"माहीत आहे. माझ्या चष्म्याला सहा वर्षं तोच वास येतोय."

चष्मेवाले तिथल्या खोक्यावर बसले. "मग काल बोलला का नाहीत?"

"माझी सही नाहीये ती." बुडबुडा वर येऊन फुटला. मावशीने नळी बंद केली. "हा एवढासा होता बघा. हवा दाबली जाते, नळीतलं हे ब्रेकचं तेल दाबलं जात नाही. लिव्हर दाबल्यावर मऊ लागला तर समजायचं आत हवा आहे. बोट पूर्ण आत जातं आणि चाकाला पत्ताच नाही."

मग हात पुसत ती म्हणाली, "डेपोत एक गाडी आली होती. ब्रेक उशिरा धरतो म्हणून. मी सगळं खोललं, काही सापडेना. वरून साहेब घाई करतायत, गाडी पाहिजे, गाडी पाहिजे. लिहिलं मी, कारण माहीत नाही. गेली गाडी. उतारावर भिंतीत घुसली. ड्रायव्हरचा पाय काढावा लागला."

"कशामुळे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"ब्रेकच्या टाकीत चुकीचं तेल घातलं होतं एकाने. घातल्यावर त्याला कळलं होतं. मी खोलत होते ना, तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. पाना देत होता मला." मावशीने चष्मा काढून डोळे चोळले. "चांगला माणूस होता हो. माझ्या लग्नात वाढायला आला होता. तोसुद्धा असाच वर बघत होता."

"तुम्हीच सांगा ना तिला, मावशी. तुमचं ऐकेल ती."

"मी तुम्हाला सही करायला सांगतेय. भाषण करा असं नाही म्हणत."

शनिवारी चष्मेवाल्यांनी सकाळी ठरवलं की दुपारी सांगायचं. दुपारी ठरवलं की संध्याकाळी. साडेचारला एका आजोबांच्या डोळ्यांसमोर अक्षरांचा तक्ता धरून ते उभे असताना बायकोचा फोन आला, "पोरगी सही करायला गेलीये मावशीकडे. स्वतःची. तोंड बघवत नव्हतं तिचं."

आजोबांच्या नाकावर मोठ्या भिंगाची चौकट तशीच ठेवून चष्मेवाले धावत सुटले. पळताना त्यांना कळलं की आपण वीस वर्षांत पळालो नव्हतो. रस्ता ओलांडताना एक रिकामा टेम्पो कचकन ब्रेक लावून थांबला आणि ड्रायव्हरने त्यांच्या डोळ्यांविषयी चौकशी केली.

लेकीच्या हातात पेन होतं. टोक चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीवर टेकलेलं. मावशी बाकाशी उभी होती, तिने पेन दिलंही नव्हतं आणि काढूनही घेतलं नव्हतं.

"थांब!"

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि चिठ्ठीवर आपलं नाव लिहिलं. पुढे सही केली. सहीखाली सवयीने तारीखही घातली.

लेकीने वाचलं. पुन्हा वाचलं. खोलीत स्पिरिटचा वास होता, आणि बाहेर कुणाच्या तरी सायकलची खडी वाजत होती. चष्मेवाल्यांना वाटलं, ती ओरडली तर बरं. नुसती बघत राहिली तर काय करायचं?

तिने उजवा हात समोर धरला. बोटं मिटली, उघडली.

"म्हणजे मी दाबला होता."

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण दाबला होतास. मीच तेल..."

"तीन दिवस, बाबा! तीन दिवस मी झोपले नाहीये! मला वाटलं मला जमतच नाही! भुशाच्या जागी ओंडके असते तर?"

गुरुवारी सकाळपासून चष्मेवाले हाच प्रश्न स्वतःला विचारत होते, आणि दर वेळी त्यांना वखारीतले ओंडकेच दिसत होते.

"सायकल द्या, मावशी," लेक त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

"अजून नाही. पुढे मोठी तबकडी लावलीये, दोनशे तीन मिलिमीटरची. लांब दांडीच्या पान्याने नट कसा चटकन सुटतो, तसं आहे, तेवढ्याच बोटात जास्त जोर. लिव्हर आत सरकवलाय, बोट टोकाला बसेल. पण पॅड कोरे आहेत. कोरे पॅड धरत नाहीत. पंचवीस वेळा वेग घ्यायचा, दाबायचा, चाक अडकू न देता हळू करायचं, सोडायचं. तेव्हा तबकडीवर पॅडचा थर बसतो." तिने मागच्या आवारातल्या उताराकडे बोट केलं. मग ते बोट वळवलं. "आणि ते तिसऱ्या ओळीतला माणूस करतो. डेपोत तसंच होतं."

"मी?" चष्मेवाले म्हणाले. "अहो, मला चष्मा लावूनसुद्धा..."

"हेल्मेट तिथे आहे."

आवारातला उतार तसा काही फार नव्हता, चाळीस पावलांचा. शेवटी जुन्या टायरांची रास होती. पण सायकलवर बसून पाहिल्यावर तो विहिरीसारखा दिसत होता. चष्मेवाले सुटले. वारा कानात शिरला, हात थंड पडले, आणि त्यांनी लिव्हर दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे झालं ते इतकं कमी, की टायर तर समोर यायलाच लागले. त्यांनी दाबला, पूर्ण दाबला, सगळा जीव त्या बोटात आणून दाबला, आणि सायकल आपली चाललीच होती. तिसऱ्या वळणावर लेकीने काय पाहिलं ते त्यांना त्या दोन सेकंदांत दिसलं. तोंडातून जो आवाज निघाला तो त्यांच्या आईलाही ओळखू आला नसता.

टायरांच्या राशीत ते अलगद शिरले. मावशी मागे धावत आली होती, तिचाही चेहरा पांढरा पडला होता.

"एक झाली," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी थोडं हळू झालं. पाचव्या वेळी त्यांनी चार बोटांनी दाबला आणि मावशी ओरडली, "एक बोट! बाकीची हँडल धरायला दिलीयेत देवाने!" आठव्या वेळी ते पुढे लवंडले, हनुवटी हँडलवर आपटली. लेक तोपर्यंत भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती, तोंड फिरवून. नवव्या वेळी तिच्याच्याने राहवलं नाही.

"बाबा, मागे सरका! वजन मागे! टाच खाली!"

"ओरडू नकोस, मी घाबरतो!"

"मग घाबरा, पण मागे सरकून घाबरा!"

अठराव्या वेळी ब्रेकने धरलं. कसं धरलं ते त्यांना सांगता आलं नसतं. एका बोटाच्या पेराने दाबलं आणि सायकलला कुणीतरी मागून शर्टाला धरून ओढल्यासारखं झालं. पंचविसाव्या वेळी ते टायरांच्या चार हात आधीच थांबले आणि उतरले. लेकीने सायकल त्यांच्या हातातून घेतली, लिव्हर दाबून पाहिला, आणि त्यांच्या हनुवटीवरचं रक्त आपल्या रुमालाने पुसलं. जरा जोरातच पुसलं.

रविवारी सकाळी पायथ्याला दोरी बांधली होती. पथकाचे लोक घड्याळं घेऊन उभे होते. मावशी शटरपुढे स्टुलावर बसली होती, चहा निवत होता. चष्मेवाले तिच्या शेजारी उभे होते, कारण दुसरीकडे कुठे त्यांना उभं राहवत नव्हतं. लेकीचा नंबर पुकारला गेला. ती वर होती, एवढीशी, एक ठिपका. मग ठिपका हलला.

ती झाडांत गेली आणि दिसेनाशी झाली. नुसती खडी ऐकू येत होती. मावशीने डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली. चष्मेवाल्यांनीही मिटले. मिटल्यावर जास्तच दिसायला लागलं म्हणून उघडले. तिसऱ्या वळणावर खडी एकदम थांबली.

एक, दोन, तीन. चष्मेवाल्यांनी मावशीचा खांदा धरला. मावशीने त्यांचा हात झटकला नाही. तिची मूठ स्टुलाच्या कडेवर आवळलेली होती.

मग खडी पुन्हा सुरू झाली, हळू, नेमकी, आणि झाडांतून लेक बाहेर आली. पाठीला पिशवी, अंग मागे, दोन्ही लिव्हरवर एकेक बोट. दगडांतून एकेक पाऊल टाकावं तशी उतरली, दोरीपाशी आली आणि जागच्या जागी थांबली.

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चष्मा काढून त्यांनी तो इतक्या जोरात पुसला की काडी वाकली. "उतरली हो, मावशी! उतरली! आता तरी तो चहा प्या. आता कसली भीती?"

मावशीची नजर टेकडीवरून हलली नाही.

"गप्प बसा, अजून दोनदा उतरायचंय तिला."